पाचव्या पट्ट्यातला एक

साहेब, तुम्ही वाक्य चोरलंत. अख्खं नाही, अर्धं. अख्खं चोरलं असतं तर निदान जागा रिकामी दिसली असती. अर्धं चोरलं की उरलेलं अर्धं उजळ माथ्याने हिंडतं आणि कुणाला संशयही येत नाही. तळ्याच्या कडेने तुम्ही निळे पत्रे ठोकलेत, त्यांतल्या बसथांब्याजवळच्या पत्र्यावर तुमच्या सहीचा कागद चिकटवलेला आहे. माझ्या चपलेचा अंगठा निसटला म्हणून मी पत्र्याला हात टेकून वाकलो, अंगठा बसवला, मान वर केली आणि कागद नाकासमोर. ‘सलग एकोणीस वर्षांच्या नोंदींच्या शास्त्रीय अभ्यासानुसार तळ्यातील चतुरांच्या संख्येत घट झालेली नाही. सबब तळ्याचा उत्तरेकडील उथळ भाग भरून घेण्यास हरकत नाही.’ खाली तुमची शेपटीवाली सही. मी ते तीनदा वाचलं. तेवढ्यात माझी बस आली, थांबली, गेली. कंडक्टर दारातून ओरडला, “काका, येताय की पत्रा वाचताय?” मी पत्रा वाचत होतो.

त्या एकोणीस वर्षांच्या नोंदी माझ्या आहेत. माझ्या म्हणजे बाईंच्या आणि माझ्या, पण पाय माझे आणि अक्षर माझं. मी कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होतो. परिचर म्हणजे शिपाईच, फक्त हात कायम ओले. बरण्या धुवायच्या, बेडकांच्या ताटल्या लावायच्या, परीक्षेच्या वेळी सूक्ष्मदर्शक पुसायचे. गणितात दोनदा नापास झालेला माणूस. पुढे जे काही शिकलो ते त्याच प्रयोगशाळेच्या रद्दीतून, परीक्षा संपल्यावर पोरं टाकून जायची त्या पुस्तकांतून, कपाटाच्या मागे स्टुलावर बसून. त्यामुळे माझं ज्ञान फाटक्या पानांचं आहे. कुठे सुरुवात नाही, कुठे शेवट नाही. पण मधलं मला पक्कं येतं, आणि तुम्ही नेमका मधल्यालाच हात घातलात.

बाई म्हणजे आमच्या विभागातल्या शिकवणाऱ्या बाई. मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होतो, त्या पन्नाशीच्या. एका शुक्रवारी बरण्यांच्या मोरीपाशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “उद्या काय करतोस?”

“झोपतो, बाई.”

“उन्हात झोपता येतं का तुला?”

मला वाटलं सामान हलवायचं असेल. दुसऱ्या दिवशी साडेनवाला तळ्यावर पोचलो तर बाई पुरुषी टोपी घालून, हातात पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन लाकडी खुंट्या रंगवत बसलेल्या. प्रत्येक खुंटीवर आकडा. तळ्याच्या काठाने शंभर-शंभर पावलांचे सहा पट्टे पाडले होते त्यांनी. प्रत्येक पट्ट्यात पंधरा मिनिटं, ना कमी ना जास्त. ऊन हवं, वारा नको, दहा ते एकच्या आत सगळं उरकायचं, कारण चतुर, हा पाण्यावर भिरभिरणारा चार पंखांचा किडा, उन्हाचा प्राणी आहे. ढग आला की तो पानाखाली जातो आणि आपण उगाच म्हणतो नाहीसा झाला. पंधरा मिनिटं मोजायला बाईंनी स्वयंपाकघरातलं चावीचं घड्याळ आणलं होतं, वेळ भरली की टर्रर्र वाजणारं. आम्ही त्याला घंटा म्हणायचो. ती खिशात ठेवायची आणि चालायचं. हळू. इतकं हळू की रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे, ह्या माणसाचं काय हरवलंय. कॉलेजातल्या पोरांनी महिन्याभरात माझं नाव चतुरकाका ठेवलं. “चतुर मोजतो तो शहाणा असेलच असं नाही,” हा विनोद मी एकोणीस वर्षं ऐकला, आणि दर वर्षी नवीन पोराला तो आपल्यालाच सुचला असं वाटायचं.

अजूनही डोळे मिटले की पहिला पट्टा समोर येतो. उतरत्या दगडी पायऱ्या, पाण्याला टेकलेलं गवत, आणि त्यावर कापूर जळावा तशा थरथरणाऱ्या टाचण्या. टाचण्या म्हणजे चतुरांच्या नाजूक मावशा. बसल्या की पंख मिटतात. चतुर पंख मिटत नाही. एवढ्यावरून ओळखायचं, बाई म्हणायच्या, बाकी पुस्तकात बघ. दुसरा पट्टा धोब्यांच्या दगडांचा, तिथे साबणाचा वास आणि लाल चतुर. तिसऱ्यात बेट होतं वेताचं, चौथ्यात काहीच नव्हतं, नुसता चिखल आणि पाणकावळा. आणि पाचवा. पाचव्यात पाणी गुडघ्याएवढं, तळाची रेती दिसायची इतकं स्वच्छ, आणि पाण्यातून उभ्या लव्हाळ्याच्या टोकावर तो बसायचा. त्याचं लांबलचक नाव पुस्तकात आहे, पण बाईंनी त्याला घाऱ्या म्हटलं आणि तेच राहिलं. डोळे घारे, हिरव्याकडे झुकणारे, अंगावर राखाडी भुकटी. एक जागा धरायचा. दुसरा आला की हाकलायचा, पुन्हा त्याच टोकावर येऊन बसायचा, घरमालकासारखा. हा फक्त उथळ, नितळ पाण्यात होतो. गढूळ झालं की सगळ्यांत आधी हा जाणार, असं बाईंचं म्हणणं. म्हणणं, साहेब. त्या तेव्हाही ‘जाणार’ म्हणाल्या नाहीत, ‘जाणार असं माझं गृहीतक’ म्हणाल्या. मला तो शब्द तेव्हा पचला नाही.

चौथ्या-पाचव्या शनिवारी, सहावा पट्टा झाल्यावर, आम्ही पायऱ्यांवर काकडी खात बसलो होतो. बाई म्हणाल्या, “आपण इथे कशाला येतो?”

“चतुर मोजायला.”

“ते काम झालं. प्रश्न काय आहे?”

“चतुर कमी होतायत का, हा.”

“मग आधी काय धरून चालायचं?”

“कमी होतायत, असं.”

“चूक. आधी धरायचं की काहीही बदललेलं नाही. ह्याला शून्य गृहीतक म्हणतात. आणि मग ते मोडायला पुरावा गोळा करायचा.”

मला राग आला. माझा स्वभावच तसा. म्हटलं, “म्हणजे ज्याच्यावर संशय तोच आधी साव?”

“हो.”

“आणि पुरावा आपण आणायचा?”

“आपणच. समज काही बदललेलं नाही. तरी नुसत्या योगायोगाने इतका फरक दिसायची शक्यता किती, ते काढायचं. शंभरात पाचाच्या खाली आली, तर म्हणायचं, हा योगायोग नव्हे. काहीतरी बदललंय.”

“आणि वर आली तर? तर तो साव ठरला?”

बाई इतक्या हसल्या की टोपी पायऱ्यांवरून घरंगळत पाण्याकडे गेली आणि मी धावत जाऊन ती पकडली. “नाही रे बाबा. तर तो सुटला. साव ठरला नाही, सुटला. शेजारणीने माझी वाटी नेली असं मला वाटतं. मी तिच्या घरात पाच मिनिटं नजर फिरवली, वाटी दिसली नाही. म्हणजे तिने नेली नाही?”

“पाच मिनिटांत काय दिसणार?”

“तेच. हे तुला कळलं, आणि पदवीच्या पोरांना दोन-दोन वर्षं कळत नाही.” मग काकडीचं देठ पाण्यात टाकून म्हणाल्या, “‘घट दिसली नाही’ हे एक वाक्य आणि ‘घट नाही’ हे वेगळं वाक्य. पहिलं माझ्या डोळ्यांबद्दल आहे, दुसरं तळ्याबद्दल.”

त्या दिवशी घरी जाताना मी हेच घोकत गेलो. आपल्याकडे म्हणतात शितावरून भाताची परीक्षा. किती शितं, हे कुणी विचारत नाही. पातेल्याच्या कडेचं शीत कच्चं असतं, मधलं शिजलेलं असतं, आणि माणूस एकच शीत दाबून पंगत बसवतो. मी मात्र त्या दिवसापासून बायकोला विचारायला लागलो, किती शितं बघितलीस? ती म्हणाली, “जेवायचं असेल तर बसा, नाहीतर बाईंच्या तळ्यावर जाऊन चतुर खा.”

आणखी एक नियम होता बाईंचा. वहीत घर रिकामं ठेवायचं नाही. गेलो नाही तर ‘गेलो नाही’ लिहायचं. गेलो आणि काही दिसलं नाही तर शून्य लिहायचं, गोल, पूर्ण, तोंड मिटलेलं. “शून्य लिहिताना हात आखडायचा नाही. शून्य ही पण नोंद आहे. शून्य बघायला सुद्धा माणूस तितकाच वेळ उन्हात उभा राहिलेला असतो.” आणि प्रत्येक पट्टा सुरू केला की घड्याळात बघून वेळ लिहायची. किती वाजता सुरू, एवढंच. वही पिवळ्या पुठ्ठ्याची, रकाने बाईंनी पट्टी धरून आखलेले. अकरा वर्षं आम्ही अशा वह्या भरल्या. त्या अकरा वर्षांत माझ्या घरी दोन मुली लहानाच्या मोठ्या झाल्या, वडील गेले, मोरीतला नळ तीनदा बदलला, पण आता मागे वळून बघितलं की शनिवारच शनिवार दिसतात, मधले सहा दिवस कुणीतरी गाळून टाकल्यासारखे. उन्हात तापलेल्या खुंटीला हात लागल्यावर बसणारा चटका, बाईंच्या पिशवीतल्या कापराच्या गोळ्यांचा वास, लव्हाळ्यावर चिकटलेली चतुराची कात. ती कात दिसली की बाई वेड्यासारख्या खूश व्हायच्या. चतुर पाण्यातून वर येतो, पाठ फाडून बाहेर पडतो, उडून जातो. कात मागे राहते, कोरडी, डोळ्यांच्या जागी दोन फुगे असलेली. “उडणारा पाहुणाही असू शकतो,” त्या म्हणायच्या. “कात सापडली म्हणजे इथलाच, घरचा.”

अकराव्या वर्षी बाईंचे गुडघे गेले. त्या पायऱ्यांवर बसून राहायच्या, मी एकटा फिरून यायचो. एका शनिवारी मी पाचव्या पट्ट्यावर उभा होतो. ऊन लख्ख. वारा नाही. लव्हाळ्याची टोकं सगळी रिकामी. मी नियमाप्रमाणे चाललो, थांबलो, बघितलं. खिशात घंटा वाजली. मी परत आलो तेव्हा बाईंनी लांबूनच हात कपाळावर धरून माझ्याकडे बघितलं. माझ्या चालण्यावरून त्यांना कळलं असावं.

“घाऱ्या?”

मी वही उघडून त्यांच्यासमोर धरली.

“लिही मग.”

“बाई, पुढच्या शनिवारी बघू. ह्या वेळी घर रिकामं ठेवतो.”

त्यांनी माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि स्वतः शून्य काढलं. गोल, पूर्ण. त्यांचा हात आखडला नाही. पण काढून झाल्यावर त्यांनी पेन्सिल परत दिली नाही. ती तशीच मुठीत धरून त्या पाण्याकडे बघत बसल्या, आणि मला पहिल्यांदा दिसलं की बाई म्हाताऱ्या झाल्या आहेत. मी जे केलं ते त्या चेहऱ्यामुळे केलं, असं मी आजपर्यंत स्वतःला सांगत आलो. खरं कारण तेच आहे का, मला माहीत नाही. माणूस स्वतःच्या मनाची कसोटी घ्यायला बसला की साक्षीदारही तोच, चोरही तोच, न्यायाधीशही तोच.

पुढे बाई अंथरुणाला खिळल्या. पाच वर्षं. दर शनिवारी मी तळ्यावरून वही घेऊन थेट त्यांच्या खोलीत जायचो. त्यांची धाकटी बहीण दार उघडायची, म्हणायची, “या, आलं का तुमचं वर्तमानपत्र!” बाई उशीला टेकून बसायच्या आणि मी पट्ट्यामागून पट्टा वाचायचो. लाल इतके, निळे इतके, टाचण्या इतक्या. त्या डोळे मिटून ऐकायच्या. पाचव्यावर आलो की त्यांचा पांघरुणावरचा हात थांबायचा. “घाऱ्या?”

“आहे, बाई. एक.”

हात पुन्हा हलायला लागायचा.

साहेब, मी खोटं लिहिलेलं नाही. हे नीट ऐका, कारण ह्यातच सगळी गोम आहे. घंटा वाजायची, घाऱ्या आलेला नसायचा, आणि मी निघायचो नाही. दहा मिनिटं. वीस मिनिटं. एकदा तासाभराहून जास्त. मी मनात म्हणायचो, एक तरी येईल. आणि यायचा. कुठून तरी पाण्यावरून तिरका येऊन टोकावर बसायचा, पंख पुढे झुकवून, जणू उशीर झाल्याबद्दल काही म्हणणंच नाही. तेव्हा मी लिहायचो : एक. माझ्या वहीत एकही न बघितलेला चतुर नाही. प्रत्येक एक खरा आहे, डोळ्यांचा आहे, पंखांचा आहे. आणि तरी वही खोटी आहे. एकाच घाऱ्याने तिसऱ्या पट्ट्यात माझ्या हजेरीत नाव दिलं असेल आणि तोच फिरत फिरत पाचव्यात येऊन पुन्हा दिलं असेल, पाहुणा असेल, घरचा कुणीच उरला नसेल. त्या वर्षांत मला तिथे एकही कात सापडली नव्हती. ते मी बाईंना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही. एकदाच, शेवटच्या वर्षी, डोळे न उघडता त्यांनी विचारलं, “घंटेच्या आधी की नंतर?”

मी म्हणालो, “आधी, बाई.”

त्या म्हणाल्या, “बरं.” बस. एवढंच. बाईंनी आयुष्यभर कुठल्याही उत्तरावर ‘बरं’ म्हणून सोडलं नव्हतं. त्या पुढचा प्रश्न विचारायच्या. त्या दिवशी विचारला नाही. त्या गेल्यानंतर तीन वर्षं मी एकटाच मोजत राहिलो आणि घंटेनंतर थांबतही राहिलो. तेव्हा कुणाचा हात पांघरुणावर थांबणार होता? मग मी निवृत्त झालो, वह्या कॉलेजच्या कपाटात गेल्या, आणि कपाटातून तुमच्याकडे.

पत्र्यावरचा कागद वाचल्यावर दुसऱ्या दिवशी मी तुमच्या कार्यालयात आलो होतो. तुम्ही नव्हता. साहेब लोक कधीच नसतात, त्यांची खुर्ची असते आणि खुर्चीवर टॉवेल असतो. मला आकड्यांच्या टेबलाकडे पाठवलं. तिथे एक मुलगी होती, जाड चष्म्याची, माझ्या धाकटीच्या वयाची. मी आल्या आल्या आवाज चढवला. तिने माझं ऐकून घेतलं, स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाली, “काका, बसा आधी. ते वाक्य मी लिहिलेलं नाही.” तिने आपला अहवाल काढून दाखवला. त्यात लिहिलं होतं : ‘उपलब्ध नोंदींवरून घट सिद्ध करण्याइतका पुरावा मिळाला नाही. ही कसोटी लहान घट ओळखण्याइतकी सक्षम नाही.’ पहिल्या वाक्याखाली लाल शाईने रेघ होती आणि समासात तुमच्या हस्ताक्षरात लिहिलं होतं, ‘सुटसुटीत करा’. दुसरं वाक्य सरळ खोडलेलं. म्हणून म्हणतो, चोरलंत.

मी विचारलं, “सक्षम नाही म्हणजे?”

“म्हणजे एवढ्या नोंदींवरून, समजा वीस टक्के चतुर खरोखर गेले असते, तरी दहापैकी सात वेळा माझी कसोटी गप्पच बसली असती. आंधळ्या राखणदारासारखी. चोर आला नाही असं तो शपथेवर सांगेल, आणि ती शपथ खोटीही नसेल.”

मला वाटलं, बाई असत्या तर हिला तळ्यावर घेऊन गेल्या असत्या. मग तिने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. “आमच्याकडे शंभरात नऊ आलंय. पाचाच्या खाली यायला थोडक्यात राहिलं. आणि अडवलंय कुणी माहितीये? ह्याने.” पडद्यावर पाचव्या पट्ट्याचा रकाना होता. घाऱ्या. वरच्या अकरा वर्षांत पाच, सात, चार, तीन, सहा, दोन, अशी वेडीवाकडी हजेरी, शेवटी एक शून्य. आणि मग खाली, आठ वर्षं, एक एक एक एक एक. दुधाच्या दातांसारखे सारखे, रांगेत. ती हसून म्हणाली, “फार शिस्तीचा आहे हो तुमचा चतुर. सरकारी नोकरीत असता तर बढती मिळाली असती. एकदाही दोन नाही, एकदाही शून्य नाही.” मग हसणं आवरून माझ्याकडे बघत म्हणाली, “निसर्गात असं होत नाही, काका. तुम्ही थांबत होतात का?”

मी पाणी प्यायला उठलो तो कार्यालयाच्या बाहेरच आलो. तुमच्या अर्ध्या वाक्याच्या खाली माझा अख्खा रकाना पाय रोवून उभा होता. तुम्ही चोर, हे खरं. पण दार कुणी उघडं ठेवलं होतं?

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तिला सगळं सांगितलं. बाईंचं, घंटेचं, ‘आधी’ म्हणालो होतो त्याचं. तिने हातातल्या चादरीचं एक टोक मला दिलं, आम्ही ती चादर घडी केली, आणि ती म्हणाली, “मला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“तुम्ही आधी अडीचला घरी यायचात. मग चार वाजायला लागले. जेवण दोनदा गरम करायचे मी. थोरलीचं लग्न झालं त्या वर्षापासून. मला वाटलं, बाईंकडे जास्त बसता. तर बाईंची बहीण एकदा बाजारात भेटली, म्हणते, हल्ली तळ्यावर फार वेळ लागतो का हो ह्यांना?”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलू? दुसऱ्या बायकांचे नवरे उशिरा आले तर बायका काय-काय विचारतात. मी विचारणार, किती चतुर?” ती हसली, मग हसू पुसून टाकलं. “हे सांगितलंत तर बाईंच्या एकोणीस वर्षांवर पाणी पडेल हो. लोक म्हणतील सगळीच वही तशी. त्या बिचारीचं नाव जाईल.”

ह्या वाक्याने मला तीन दिवस झोपू दिलं नाही, जेवू दिलं नाही. एका पारड्यात पाचवा पट्टा, जो तुमचे डंपर येऊन भरणार. दुसऱ्यात बाईंचं नाव, ज्यावर मी आयुष्य उभं केलं. गप्प बसलो तर वह्या स्वच्छ राहतात आणि तळं जातं. बोललो तर तळं राहीलच असंही नाही, वह्या मात्र नक्की जातात. माणूस जोखीम दोन्हीकडून मोजतो तेव्हा त्याला कळतं की न्यायाचा काटा आपल्याला पेलत नाही. तिसऱ्या दिवशी मला बाईंचा तो हात आठवला, पेन्सिल घेऊन शून्य काढणारा. आणि डोक्यात प्रकाश पडला की बाईंचं नाव शून्याला घाबरणारं कधीच नव्हतं. घाबरणारा मी होतो, आणि माझी भीती मी आठ वर्षं त्यांच्या नावावर लिहीत होतो.

मग आठवलं, प्रत्येक पट्ट्याची सुरुवातीची वेळ मी लिहिलेली आहे. ती खरी आहे. वेळेच्या रकान्यात खोटं लिहायचं मला सुचलंच नव्हतं. चोराने चपला दारात सोडाव्यात तसं. पाचवा सुरू आणि सहावा सुरू, ह्यांत वीस मिनिटांचं अंतर हवं : पंधरा मोजायची, पाच चालायची. जिथे चाळीस आहे, सत्तर आहे, तिथला एक हा घंटेनंतरचा आहे. आणि सहावा पट्टाही त्या दिवशी दहा ते एकच्या बाहेर गेलेला आहे. तुमच्या टेबलावर ह्या वेळा चढवल्याच नाहीत, कारण तुमच्या तक्त्यात तो रकाना नाही. मी कॉलेजात जाऊन वह्यांच्या प्रती आणल्या. चार दुपारी मी आणि बायको जेवणाच्या टेबलावर बसलो. ती वाचायची, “अकरा पस्तीस, बारा पन्नास,” मी वजाबाकी करायचो. गणितात दोनदा नापास झालेल्या माणसाच्या दोनशे सहा वजाबाक्या तिने एकेक तपासल्या. मध्येच एखाद्या तारखेला थांबून म्हणायची, “ह्या दिवशी पाहुणे आले होते आणि तुमचा पत्ता नव्हता.” किंवा नुसतीच माझ्याकडे बघायची. आठ वर्षांतले ढगांचे-पावसाचे सोडून उरलेल्या दोनशे सहा शनिवारांपैकी एकशे एकतीस शनिवारी घाऱ्या घंटेनंतर आला. नियमाने तिथे शून्य हवं होतं. मी एकशे एकतीस शून्यं काढली. गोल, पूर्ण, तोंड मिटलेली. पहिल्या दहांना हात आखडला.

ती यादी, वेळांच्या प्रतींसकट, मी तुमच्या कार्यालयात स्वतःच्या सहीने दिली. वर स्पष्ट लिहिलं : चूक माझी आहे, बाईंची नाही, त्यांना मी फसवलं. चष्म्याच्या मुलीने कागद हातात घेऊन सगळा वाचला. म्हणाली, “पुन्हा कसोटी लावायला अर्धा तास लागेल, काका. पण वरून हुकूम हवा.” मी विचारलं, निकाल काय येईल? ती म्हणाली, “लावल्याशिवाय कसं सांगू? खाली येईल असं वाटतं. पण वाटणं म्हणजे पुरावा नव्हे.” मला तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला.

ह्याला आता सहा आठवडे झाले. काल मी पत्र्याच्या फटीतून बघितलं. दुसऱ्या पट्ट्याची खुंटी मातीच्या ढिगावर आडवी पडली होती, बाईंच्या हातचा दोन अजून दिसत होता. पाचव्यात अजून पाणी आहे. घाऱ्या दिसला नाही. पण मी फटीतून पाच मिनिटं बघितलं, एवढ्यावरून मी काही म्हणणार नाही. कदाचित कसोटीत शंभरात दोन येईल, कदाचित अकरा. अकरा आलं तर अकरा लिहा, मी भांडणार नाही. पण मग त्याच्या पुढे ‘पुरावा पुरला नाही’ असं लिहा, ‘घट नाही’ असं नाही. मी माझ्या चुकीवर सही केलेली आहे, आणि त्या सहीसोबत माझ्या आयुष्यातली एकच कमाई, एका मोठ्या बाईने माझ्यावर ठेवलेला विश्वास, तुमच्या आवकजावकच्या शिक्क्याखाली दिलेली आहे. त्याबदल्यात मला तळं द्या असं मी म्हणत नाही. मला एका प्रश्नाचं लेखी उत्तर हवंय, हो किंवा नाही, सुटसुटीत, तुम्हाला आवडतं तसं. ज्या दिवशी तुम्ही ‘घट झालेली नाही’ ह्या शब्दांखाली सही केलीत, त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं का, की घट झालेली असती तरी तुमच्या कागदावर हेच आलं असतं?